रात्री दोनची गळती : एका व्हीएमच्या नेटवर्क इंटरफेसच्या आकडेवारीची नोंद

स्थिती

एका केव्हीएम होस्टवर, म्हणजे आभासी यंत्रे चालवणाऱ्या लिनक्स यंत्रावर, लॉग गोळा करणारी व्हीएम (आभासी यंत्र) आहे. फायरवॉल, स्विच आणि काही सर्व्हर यूडीपी ५१४ वर (यूडीपी म्हणजे पोच न घेणारा प्रोटोकॉल) तिच्याकडे सिसलॉग, म्हणजे लॉगच्या ओळी, पाठवतात. आत आरसिसलॉग हा प्रोग्राम त्या ओळी फायलींत लिहितो. व्हीएमला चार व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) आणि एक व्हर्टायओ प्रकारचे आभासी नेटवर्क कार्ड. ते कार्ड टॅप या होस्टवरच्या आभासी इंटरफेसमार्फत होस्टच्या बीआर० या लिनक्स ब्रिजला (आभासी स्विचला) जोडलेले. होस्टला सोळा कोअर. तक्रार एकच : रात्री दोन ते अडीचच्या दरम्यान फायरवॉलच्या ओळींच्या अनुक्रमांकांत खंड पडतो. दिवसभर काही नाही.

भारतात अशा खंडाकडे काणाडोळा करता येत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि यंत्रांची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळ देणाऱ्या एनटीपी सर्व्हरशी जुळवावी लागतात. जपायचे लॉग आधी पोचायला तर हवेत.

चौकशीत तीन आकडे समोर येतात. स्विचच्या पोर्टवर गळती शून्य. होस्टच्या प्रत्यक्ष कार्डावर, म्हणजे ईएनओ१ वर, शून्य. आणि व्हीएमच्या आत 'आयपी -एस लिंक' चालवले की आरएक्सखालच्या (येणाऱ्या पॅकेटांच्या) ड्रॉपमध्ये, म्हणजे टाकून दिलेल्यांच्या आकड्यात, दिवसाला सुमारे ४३,२०० ची वाढ. साहजिकच सगळे व्हीएमकडे बोट दाखवतात. तिन्ही आकडे खरे आहेत; पण खंडाचे कारण त्यांतल्या एकातही नाही. आकडा कुठे उभे राहून वाचला, कोणत्या क्षणी वाचला आणि काउंटर कधीपासून चालू होता, यांतले काहीच सोबत लिहिलेले नव्हते. हे प्रकरण मुख्यतः त्या तीन रकान्यांचे आहे.

खालचे वाहतुकीचे आकडे हिशेब समजावा म्हणून गोल धरले आहेत. रांगांची लांबी, मूळ मूल्ये आणि काउंटरांची वागणूक मात्र जशी असते तशीच दिली आहे.

पॅकेटची वाट

बाहेरून आलेले पॅकेट प्रथम प्रत्यक्ष कार्डाच्या रिंगमध्ये (बफरांच्या वर्तुळाकार रांगेत) येते, तिथून ब्रिजवर, ब्रिजवरून व्हीनेट७ या टॅपच्या रांगेत. टॅपच्या रांगेतून ते व्हीहोस्टचा कर्नल धागा उचलतो आणि गेस्टच्या, म्हणजे व्हीएममधल्या यंत्रणेच्या, व्हर्टायओ रिंगमधल्या रिकाम्या बफरमध्ये ठेवतो. गेस्टचा कर्नल ते बफरमधून घेतो, यूडीपीचा थर पार करून सॉकेटच्या बफरमध्ये टाकतो, आणि शेवटी आरसिसलॉग ते वाचतो.

या वाटेवर गळतीच्या तीन मुख्य जागा आहेत : ईएनओ१ ची रिंग, टॅपची रांग आणि सॉकेटचा बफर. व्हर्टायओ रिंग स्वतः काही टाकून देत नाही. तिच्यात रिकामे बफर उरले नाहीत तर व्हीहोस्ट थांबतो, मागे टॅपची रांग भरत जाते, आणि ती तुडुंब झाली की पुढचे पॅकेट टॅपवर पडते. म्हणजे कोंडी गेस्टच्या दाराशी होते आणि हजेरी होस्टच्या खात्यात लागते. गेस्टला ते पॅकेट कधी दिसलेच नाही, तेव्हा गेस्टच्या कुठल्याही काउंटरमध्ये ते येण्याचा प्रश्न नाही. व्हीएमचा व्यवस्थापक आत बसून कितीही तपासण्या करो, त्याला ही गळती सापडणार नाही.

टॅपच्या रांगेची लांबी हल्लीच्या कर्नलांत १,००० असते. सेंटओएस ६ च्या काळात ती ५०० दिसायची. व्हर्टायओच्या आरएक्स रिंगचे मूळ मूल्य २५६. पहिला आकडा होस्टवर 'आयपी लिंक शो व्हीनेट७' च्या ओळीत क्यूलेन म्हणून दिसतो, दुसरा गेस्टमध्ये 'ईथटूल -जी' ने. दोन्ही नोंदीत हवेत, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांवर उभा आहे.

उलटे रकाने

टॅप हे होस्टचे इंटरफेस आहे. होस्ट जे त्यावर पाठवतो ते गेस्टला मिळते. त्यामुळे होस्टचा टीएक्स (जाणारे) हा गेस्टचा आरएक्स (येणारे). लिबव्हर्ट हा व्हीएम सांभाळणारा संच (त्याचा आदेश 'विर्श') ब्रिजवरच्या टॅपचे आकडे दाखवताना ही अदलाबदल स्वतः करून देतो, जेणेकरून आकडे व्हीएमच्या नजरेतून वाचता येतील. परिणाम असा :

| कुठून वाचले | व्हीएमकडे येणारे | व्हीएममधून जाणारे |
|---|---|---|
| होस्टवर 'आयपी -एस लिंक शो व्हीनेट७' | टीएक्स | आरएक्स |
| होस्टवर 'विर्श डोमइफस्टॅट' | आरएक्स | टीएक्स |
| गेस्टच्या आत 'आयपी -एस लिंक' | आरएक्स | टीएक्स |

एकाच होस्टवर, एकाच टॅपचे, दोन आदेशांनी वाचलेले रकाने उलटे. देखरेखीच्या प्रणालीत नोड एक्स्पोर्टर हा आकडे गोळा करणारा प्रोग्राम /प्रॉक/नेट/डेव ही कर्नलची फाइल वाचून आलेख काढतो आणि शेजारच्या आलेखात लिबव्हर्टचे आकडे असतात, तेव्हा हा गोंधळ हमखास होतो. मॅकव्हीटॅप, म्हणजे ब्रिज टाळून थेट प्रत्यक्ष कार्डाशी केलेल्या 'डायरेक्ट' प्रकारच्या जोडणीत, चित्र पुन्हा वेगळे. तिथे होस्टचा आणि गेस्टचा दृष्टिकोन एकच असतो, अदलाबदल करायची नसते. लिबव्हर्टच्या जुन्या आवृत्त्या तरीही ती करायच्या. म्हणून जोडणीचा प्रकार नोंदीत लिहायचा आणि दिशा एकदा प्रत्यक्ष तपासून घ्यायची.

तपासणी सोपी आहे. बाहेरच्या एका यंत्रावरून व्हीएमकडे आयपर्फ३ या वेग मोजण्याच्या साधनाने यूडीपी पाठवायचे : वेग ५० एमबीपीएस, वेळ २० सेकंद, प्रत्येक पॅकेटमध्ये १,४०० बाइट. आतला माल १२ कोटी ५० लाख बाइट, म्हणजे सुमारे ८९,२८६ पॅकेट. प्रत्येकावर यूडीपीचे ८, आयपीचे २० आणि इथरनेटचे १४ असे ४२ बाइट चढतात. काउंटर साधारण १२ कोटी ८७ लाख ५० हजारांनी वाढला पाहिजे. कोणता रकाना वाढतो ते पाहिले की दिशा पक्की होते. आणि वाढ १२.५० कोटींची नसून १२.८७ कोटींची आहे हे पाहिले की इथरनेटचे शीर्षक मोजले जाते हेही कळते. फ्रेमच्या शेवटचे ४ बाइटचे तपासणी-अंक, आधीचे ८ बाइटचे प्रिअँबल आणि दोन फ्रेममधली १२ बाइटची जागा टॅपवर मोजली जात नाही. स्विचचा आकडा आणि टॅपचा आकडा बाइटला बाइट जुळत नाहीत याचे एक कारण हेच.

चाचणी टीसीपीने करू नये. ऑफलोडमुळे (पॅकेटचे तुकडे पाडण्याचे काम कार्डावर सोपवल्यामुळे) टॅपवरून ६४ केबीपर्यंतचा एकच मोठा तुकडा जाऊ शकतो आणि तो एक पॅकेट म्हणून मोजला जातो. बाइटांना पॅकेटांनी भागून सरासरी १,५१४ च्या वर आली तर असे तुकडे जात आहेत असे समजावे. मग पॅकेटांचा आकडा तारेवरच्या फ्रेमशी ताडण्यात अर्थ नाही.

गेस्टमधला ४३,२०० चा आकडा

आता तो दिवसाचा ४३,२०० चा ड्रॉप. आलेख काढला तर रेषा सरळसोट चढते : मिनिटाला ३०, तासाला १,८००, रात्री दोनला ना उंचवटा ना खळगा. दर दोन सेकंदांनी एक. स्पॅनिंग ट्री या, स्विचमधले वळसे टाळणाऱ्या प्रोटोकॉलचा हॅलो संदेश दर दोन सेकंदांनी येतो, हे आठवले की कोडे सुटते. ब्रिजकडून किंवा स्विचकडून येणारा हा संदेश (बीपीडीयू) गेस्टपर्यंत पोचतो. गेस्टमध्ये त्या प्रकारचे पॅकेट हाताळणारे कुणीच नोंदलेले नसते, म्हणून कर्नल ते टाकून देतो आणि आरएक्स ड्रॉप एकने वाढवतो. अनोळखी प्रोटोकॉलची पॅकेटेही याच काउंटरमध्ये मोजायची, असे लिनक्सने २.६.३७ पासून ठरवले आहे.

खातरजमा करायची तर गेस्टमध्ये टीसीपीडंप हे पॅकेटे टिपणारे साधन लावून एक मिनिट स्पॅनिंग ट्रीची पॅकेटे मोजावीत. ३० मिळाली की विषय मिटला. एक गंमत : शेजारच्या व्हीएममध्ये डॉकर (कंटेनर चालवणारे साधन) चालत असेल तर तिथे हा ड्रॉप दिसत नाही. डॉकरसाठी ब्रिजचे मॉड्यूल चढते, त्याच्या पाठोपाठ एलएलसीचे, आणि मग त्या पॅकेटला हाताळणारा मिळतो. एकाच ब्रिजवरच्या दोन व्हीएम, एकीत रोज ४३,२०० आणि दुसरीत शून्य. या फरकावरून कुणी पहिल्या व्हीएमचे कार्ड बदलायला निघाले तर नवल नाही.

नोंदीत हा आकडा पुसायचा नाही. 'पार्श्वभूमी : मिनिटाला ३०, कारण बीपीडीयू' असा शेरा मारून ठेवायचा. उद्या तो मिनिटाला ३४ झाला तर वरचे ४ शोधण्यासारखे असतील.

नोंद कोणाच्या नावावर

व्हीनेट७ हे नाव टिकाऊ नाही. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केली की जुना टॅप जातो, नवा येतो, आणि लिबव्हर्टच्या नव्या आवृत्त्या क्रमांक पुढे पुढे वाढवत नेतात. काल व्हीनेट७ होते ते आज व्हीनेट१२. जुन्या आवृत्त्यांत तर व्हीनेट७ हे नाव दुसऱ्याच व्हीएमला मिळू शकते, आणि तो प्रकार जास्त घातक, कारण आलेख न तुटता चालू राहतो आणि त्यात दोन वेगळ्या व्हीएमची आकडेवारी एकापुढे एक चिकटते. एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलने होस्ट वाचणाऱ्यांना हीच अडचण इंटरफेसच्या अनुक्रमांकाबाबत येते.

म्हणून खाते व्हीएमच्या यूयूआयडीवर (तिच्या कायमच्या ओळख क्रमांकावर) आणि कार्डाच्या मॅक पत्त्यावर उघडायचे. 'विर्श डोमइफलिस्ट' एका ओळीत एवढे देतो : टॅपचे नाव, जोडणीचा प्रकार, ब्रिज, मॉडेल आणि मॅक. मॅक इथूनच घ्यावा. होस्टवर 'आयपी लिंक' मध्ये टॅपचा जो मॅक दिसतो तो गेस्टचा नसतो. गेस्टचा ५२:५४:०० ने सुरू होत असेल तर टॅपचा एफई:५४:०० ने सुरू होतो. ब्रिजने टॅपचा पत्ता स्वतःचा म्हणून उचलू नये यासाठी लिबव्हर्ट पहिला बाइट मुद्दाम बदलतो. 'विर्श डोमइफस्टॅट' ला टॅपच्या नावाऐवजी मॅक दिला तरी चालतो, तेव्हा स्क्रिप्टमध्ये व्हीनेटचे नाव लिहायची गरजच नाही.

काउंटरांचे आयुष्य हा दुसरा भाग. होस्टचे आणि गेस्टचे काउंटर वेगवेगळ्या घटनांनी शून्य होतात :

| घटना | होस्टचा टॅप | गेस्ट |
|---|---|---|
| गेस्ट आतून रीबूट | चालू राहतो | शून्यापासून |
| पूर्ण बंद करून सुरू | नवा टॅप, शून्य | शून्यापासून |
| लाइव्ह मायग्रेशन | नव्या होस्टवर शून्य | चालू राहतो |
| पॉज आणि रिझ्यूम | चालू. ड्रॉप वाढतो | थबकतो, पुसला जात नाही |
| कार्ड काढून पुन्हा जोडले | नवा टॅप, शून्य | शून्यापासून |

मायग्रेशनची (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवण्याची) ओळ नीट पाहावी. गेस्टची स्मृती जशीच्या तशी नव्या होस्टवर जाते, तिच्यातले काउंटरही जातात. टॅप मात्र नवा. दोन्ही बाजूंचे एकूण आकडे ताडून पाहणाऱ्याला इथे कोट्यवधी पॅकेटांची तफावत दिसते आणि ती गळती मुळीच नसते.

अजून एक. व्हीएम सुरू होताना गेस्टचा ड्रायव्हर जागा होण्याआधी ब्रिज टॅपवर ब्रॉडकास्ट ओततच असतो. वाचणारा कुणी नाही, रांग १,००० वर भरते, पुढचे सगळे ड्रॉपमध्ये. बूट झाल्याझाल्या टॅपवर शेकडो ड्रॉप दिसणे हे दुखणे नव्हे. गेस्ट पूर्ण उठल्यावर एक वाचन घ्यायचे, त्याला पाया म्हणायचे, आणि पुढचे सगळे त्याच्या वरचे.

दर दहा सेकंदांचे वाचन

आधीची देखरेख पाच मिनिटांनी एकदा होती. तिच्यात गळती दिसत होती, पण क्षुल्लक वाटेल अशी. हिशेब असा : एरवी सेकंदाला ८,००० पॅकेट येतात. रात्रीच्या एका दहा सेकंदांत फायरवॉल सेकंदाला ४०,००० ओतते, म्हणजे एकूण ४ लाख. त्यांतली ३ लाख ८२ हजार पोचतात, १८ हजार पडतात. त्या दहा सेकंदांत गळती साडेचार टक्के. पाच मिनिटांच्या सरासरीत उरलेल्या २९० सेकंदांची २३ लाख २० हजार पॅकेट मिसळतात आणि तीच गळती ०.६६ टक्क्यांवर येते. एक टक्क्याखाली इशारा नको असा नियम असेल तर फोन वाजतच नाही.

टक्केवारी काढताना छेद जपून घ्यावा. टॅपवरचा टीएक्स पॅकेटचा आकडा म्हणजे व्हीहोस्टने प्रत्यक्ष उचललेली पॅकेट; पडलेली त्यात नसतात. आलेली एकूण म्हणजे दोन्हींची बेरीज.

वाचनासाठी 'विर्श डोमस्टॅट्स --इंटरफेस --नोवेट' वापरावा. एका आदेशात सगळ्या व्हीएमचे आकडे येतात, आणि नोवेटमुळे एखादी अडकलेली व्हीएम बाकीच्यांना थांबवून ठेवत नाही. त्यात मॅक येत नाही, टॅपचे नाव येते. म्हणून दर वाचनाबरोबर डोमइफलिस्टची जोड लागते. वेगाचा भागाकार ठरवलेल्या १० सेकंदांनी करू नये. दोन वाचनांच्या वेळांतला खरा फरक घ्यावा; होस्टवर ताण असताना स्क्रिप्टलाही उशीर होतो आणि नेमक्या हव्या त्याच वाचनात चूक शिरते. वेळेबरोबर +०५:३० लिहावे. आणि आधीच्यापेक्षा आकडा कमी आला तर तो ऋण वेग समजून आलेखात टाकू नये. खाते नव्याने सुरू झाले अशी नोंद करावी.

'विर्श डोमइफस्टॅट' आठ आकडे देतो : दोन्ही दिशांचे बाइट, पॅकेट, एरर आणि ड्रॉप. जो आकडा उपलब्ध नसतो त्याची ओळच छापत नाही. स्क्रिप्टने तिथे शून्य भरले तर 'मोजता येत नाही' याचे 'काही पडले नाही' असे होऊन बसते. जागा रिकामी ठेवावी.

एका ओळीला १२० बाइट धरले तर एका कार्डाचे दिवसाचे ८,६४० वाचन सुमारे १० लाख ३७ हजार बाइट होते. १८० दिवसांचे १९० एमबीच्या आत. जागेचे कारण सांगून पाच मिनिटांवर जाण्यात हशील नाही. एसएनएमपीने वाचणाऱ्यांनी ६४ बिटांचेच काउंटर घ्यावेत. ३२ बिटांचा बाइट काउंटर १ जीबीपीएसला ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो, १० जीबीपीएसला साडेतीन सेकंदांच्या आत.

ईएनओ१ साठी एक बारकावा. /प्रॉक/नेट/डेव मधला आरएक्स ड्रॉप हा दोन काउंटरांची बेरीज असतो : ड्रॉप्ड आणि मिस्ड. /सिस/क्लास/नेट खालच्या स्टॅटिस्टिक्समध्ये ते वेगवेगळे मिळतात. रिंग भरून पडलेली पॅकेट मिस्डमध्ये जातात, वर सांगितलेली अनोळखी पॅकेट ड्रॉप्डमध्ये. नोंद वेगवेगळी ठेवावी.

निदान

दहा सेकंदांच्या वाचनात रात्री दोननंतर व्हीनेट७ चा टीएक्स ड्रॉप, म्हणजेच डोमइफस्टॅटचा आरएक्स ड्रॉप, टप्प्याटप्प्याने उसळतो. त्याच क्षणी ईएनओ१ चा मिस्ड शून्य, गेस्टचा ड्रॉप मिनिटाला ३० वर स्थिर. गळती टॅपवर, हे ठरले.

आता वेळेचा हिशेब. टॅपची रांग १,००० आणि रिंग २५६, मिळून १,२५६ पॅकेटांची उसंत. सेकंदाला ८,००० या वेगाने ती १५७ मिलिसेकंद पुरते. ४०,००० या वेगाने ३१ मिलिसेकंद. गेस्टचा व्हीसीपीयू किंवा व्हीहोस्टचा धागा त्याहून जास्त वेळ सीपीयूविना राहिला की पॅकेट पडणार. दिवसा कुणाला कळत नाही, रात्री कळते.

धागा थांबला का, हे होस्टवर /प्रॉक मधल्या त्या धाग्याच्या शेडस्टॅट फाइलीत दिसते. तिच्यातला दुसरा आकडा म्हणजे धाग्याने सीपीयूची वाट पाहण्यात घालवलेला वेळ, नॅनोसेकंदांत. व्हीसीपीयूचे धागे क्यूएमू या व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामच्या प्रक्रियेखाली 'सीपीयू ०/केव्हीएम' अशा नावांनी सापडतात. व्हीहोस्टचा धागा पूर्वी 'व्हीहोस्ट-' आणि पुढे क्यूएमूचा पीआयडी अशा नावाने वेगळा दिसायचा, कर्नल ६.४ पासून तो क्यूएमूच्याच धाग्यांत असतो. गेस्टच्या आत 'टॉप' मधला एसटी (होस्टने हिरावलेला वेळ) हा रकाना हेच ओझरते दाखवतो. रात्री दोनला हा वाट पाहण्याचा वेळ चढतो आणि होस्टवर त्याच वेळी सुरू होणारे काम एकच : रोजचा बॅकअप, सोळाही कोअरवर कॉम्प्रेशन करणारा.

उपाय, आणि त्यांचा क्रम

बॅकअपला आवर घालायला व्हीएम बंद करावी लागत नाही, म्हणून तो पहिला. इथे बहुतेकांचा पहिला प्रयत्न फसतो. बॅकअपच्या सेवेला नाइस १९ (सर्वांत कमी प्राधान्य) लावला किंवा तिचा सीपीयूवेट १०० वरून २० वर आणला तरी फरक पडत नाही. लिनक्सच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीत सेवा सिस्टम स्लाइसखाली असते आणि व्हीएम मशीन स्लाइसखाली; स्लाइस म्हणजे सीपीयूच्या वाटपाचा गट. वेट फक्त भावंडांत तोलला जातो; बॅकअपचा २० हा सिस्टम स्लाइसमधल्या इतर सेवांपुरता, आणि दोन स्लाइसमधला वाटा १०० ला १०० असाच राहतो. एक तर बॅकअपला स्वतंत्र वरच्या पातळीवरचा स्लाइस देऊन त्या स्लाइसचा वेट कमी करावा, नाही तर सीग्रुप व्ही२ (संसाधने वाटणारी कर्नलची सोय) असताना त्या सेवेला अलाउडसीपीयूज १२ ते १५ असे चार कोअर नेमून द्यावेत. दुसरा मार्ग सरळ आहे. बॅकअपला वेळ जास्त लागेल, तो लागू द्यावा.

त्यानंतर 'विर्श व्हीसीपीयूपिन' ने व्हीएमचे व्हीसीपीयू ० ते ११ मधल्या कोअरना बांधावेत आणि 'विर्श एम्युलेटरपिन' ने क्यूएमूचे बाकीचे धागेही. व्हीहोस्टही त्यांच्याबरोबर जातो. हेही चालू व्हीएमवर होते.

रिंग वाढवायला मात्र व्हीएम पूर्ण बंद करावी लागते. डोमेनच्या एक्सएमएलमध्ये इंटरफेसखालच्या ड्रायव्हरला आरएक्स_क्यू_साइझ १०२४ द्यावा. मूल्य दोनच्या घातातले, २५६ ते १,०२४ मधले चालते. गेस्ट आतून रीबूट करून उपयोग नाही, शटडाउन आणि मग स्टार्ट हवे. तसे केले की टॅप नवा आणि काउंटर शून्य, म्हणून त्याआधी शेवटचे वाचन घेऊन जुने खाते बंद करायचे. टीएक्स_क्यू_साइझ वाढवायला जाऊ नये. साध्या टॅपवर २५६ च्या वर ते जात नाही, आणि इथली गळती त्या दिशेची नाहीच.

टॅपची रांग 'आयपी लिंक सेट डेव व्हीनेट७ टीएक्सक्यूलेन ४०००' ने चालू स्थितीत वाढते, पण पुढच्या टॅपला ती लागू होत नाही. कायमची हवी तर यूडेव्हचा, म्हणजे नवे उपकरण दिसताच लागू होणारा, नियम लिहावा लागतो. रिंग १,०२४ केल्यावर ४०,००० च्या वेगाला उसंत ५० मिलिसेकंद होते, रांगही ४,००० केल्यावर १२५. लॉगसाठी ही चैन परवडते, कारण ओळ १०० मिलिसेकंद उशिरा आली तर कुणाचे बिघडत नाही. त्याच होस्टवर आवाजी कॉलची व्हीएम असेल तर तिच्या टॅपला हा नियम लागू करू नये. लांब रांग गळती लपवते आणि विलंब वाढवते.

प्रत्येक बदल वेगळ्या रात्री आणि नोंदीत वेगळ्या ओळीवर. चारही एकदम केले तर ड्रॉप थांबेल, पण पुढच्या होस्टवर यांतले नेमके काय न्यायचे ते सांगता येणार नाही.

टॅप शांत, ओळी तरीही गहाळ

बॅकअप आवरला, पिनिंग झाले, टॅपवरचा ड्रॉप सपाट झाला, तरी फायरवॉलच्या क्रमांकांत थोडा खंड उरतो. गळती पुढच्या जागी सरकलेली असते. आता पॅकेट गेस्टमध्ये पोचतात आणि सॉकेटच्या दारात पडतात. कर्नलचा सॉकेट बफर मुळात २,१२,९९२ बाइटांचा; प्रत्येक पॅकेटमागे कर्नल ओळीच्या लांबीपेक्षा बरीच जास्त स्मृती खर्ची टाकतो, त्यामुळे त्यात काही शेकडाच ओळी मावतात.

ही गळती कुठल्याही इंटरफेसच्या आकडेवारीत येत नाही. इंटरफेसच्या दृष्टीने पॅकेट पोचले. ती 'एनस्टॅट -एझेड' मधल्या यूडीपीआरसीव्हीबफएरर्स मध्ये आणि /प्रॉक/नेट/यूडीपी च्या शेवटच्या रकान्यात, सॉकेटवार, दिसते. आरसिसलॉगच्या आयएमयूडीपी इनपुटला आरसीव्हीबफसाइझ देऊन आणि गेस्टमध्ये नेट.कोअर.आरमेम_मॅक्स त्या बेताने वाढवून ती आवरते. म्हणून व्हीएमच्या नेटवर्क नोंदीत इंटरफेसबाहेरचा हा एक रकाना ठेवावाच लागतो. यूडीपीचा संग्राहक असेल तर तो ऐच्छिक नाही.

नोंदीची ओळ

शेवटी एका वाचनाची ओळ अशी दिसते. डावीकडे स्थिर माहिती : यूयूआयडी, गेस्टचा मॅक, होस्टचे नाव, त्या वेळचे टॅपचे नाव, जोडणीचा प्रकार, रिंग, रांग, क्यूंची संख्या. मग खाते कधी उघडले ती वेळ आणि कारण : 'रिंग १,०२४ केली, पूर्ण बंद-चालू'. मग वाचनाची वेळ आणि लिबव्हर्टचे आठ आकडे, गेस्टच्या दिशेने. गेस्टचे स्वतःचे आकडे गेस्ट एजंटमार्फत बाहेरूनच घेता येतात. इंटरफेसची यादी देणाऱ्या त्याच्या आदेशात बाइट, पॅकेट, एरर, ड्रॉपही येतात. आत लॉगिन करायची गरज नाही, फक्त एजंट चालू हवा. शेवटी ईएनओ१ चा मिस्ड आणि यूडीपीचा बफर एरर.

स्तंभांची नावे आरएक्स, टीएक्स अशी ठेवूच नयेत. 'व्हीएमकडे' आणि 'व्हीएमकडून' लिहावे. वाचणाऱ्याला उलटसुलट विचार करावा लागत नाही, आणि आदेश बदलला तरी स्तंभ बदलत नाही.

हा साचा टॅप असलेल्या व्हीएमपुरता आहे. एसआर-आयओव्हीने कार्डाचा तुकडा थेट गेस्टला दिला असेल तर होस्टवर टॅप नसतो. तिथे मुख्य कार्डावर 'आयपी -एस लिंक शो' मध्ये त्या त्या व्हीएफचे (कार्डाच्या तुकड्याचे) आकडे पाहायचे, ड्रायव्हर देत असेल तेवढेच. ओपन व्हीस्विचबरोबर डीपीडीके वापरणाऱ्या होस्टवर पॅकेट कर्नलमधून जातच नाही, आणि आकडे व्हीस्विचच्या इंटरफेस नोंदीतून काढावे लागतात. दोन्ही ठिकाणी आयपर्फची दिशा-तपासणी पहिल्यापासून पुन्हा करायची.